पाचशे रुपयांचा जुना हिशेब

पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर कोरेगाव भीमाच्या पुलापाशी भल्या पहाटे जो उभा राहील, त्याला शहराकडे धावणाऱ्या दोन तऱ्हेच्या गाड्या हटकून दिसतील. एक दुधाची आणि दुसरी जाळीच्या पिंजऱ्यांतून पांढऱ्या कोंबड्या दाटीवाटीने भरलेली. दूध शहरात गेले की त्यातले काही परत येत नाही. कोंबडीचे मात्र तसे नाही. तिचा एक हिस्सा शहराबाहेर परत येतो. तो येतो रात्री, प्लॅस्टिकच्या गोण्यांतून, आणि ओढ्याच्या काठी, पुलाखाली, एखाद्या पडीक रानात निमूटपणे उतरवला जातो. सकाळी कुत्र्यांची झुंबड उडते, घारी घिरट्या घालू लागतात, आणि रस्त्याने जाणारा माणूस नाकाला रुमाल लावून पुढे सरकतो.

हा हिस्सा लहान नाही. दोन किलो वजनाची जिवंत कोंबडी सोलून, साफ करून गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडते तेव्हा ती सव्वा ते दीड किलोच्या दरम्यान भरते. उरलेले सहाशे-सातशे ग्रॅम म्हणजे पिसे, रक्त, डोके, पाय, आतडी आणि कातडी. दिवसाला शंभर कोंबड्या कापणारे दुकान घेतले तर त्याच्या दारात रोज साठ किलोंहून अधिक माल असा शिल्लक पडतो. अशी हजार दुकाने कल्पिली तर रोजचा आकडा साठ टनांवर जातो. शहरे वाढत आहेत, मांसाहार वाढत आहे आणि मटणाच्या भावामुळे तो मुख्यतः कोंबडीच्या वाटेने वाढत आहे. तेव्हा हा आकडा खाली येण्याचा संभव नाही.

रक्ताची गोष्ट तर वेगळीच नोंदली पाहिजे. सांडपाणी किती घाण हे ते कुजताना पाण्यातला किती प्राणवायू शोषून घेते यावरून मोजतात. घरगुती सांडपाण्यासाठी हे माप लिटरमागे दोन-तीनशे मिलिग्रॅम भरते. निव्वळ रक्तासाठी ते दीड लाखाच्या पुढे जाते. म्हणजे गटारात सोडलेले एक बादली रक्त शेकडो बादल्या मैलापाण्याचे काम एकटे करते. तुळापूरला भीमेला इंद्रायणी मिळते, तेथून ती कोरेगावावरून वाहते. खाली रांजणगाव सांडसला मुळा-मुठा तिच्यात येते. मग दौंड, उजनी आणि अखेर पंढरपूर. पिंपरी-चिंचवडने आणि पुण्याने नदीत जे सोडले ते कोठे जाते, हा प्रश्न या गावांना विचारावा लागत नाही.

या टाकाऊ मालाला आजही एक गिऱ्हाईक आहे, आणि ते फारसे सज्जन नाही. थायी मांगूर या नावाने विकला जाणारा आफ्रिकी मासा पाळण्यास केंद्र सरकारने २००० सालीच बंदी घातली. हा मासा काहीही खातो, गढूळ आणि प्राणवायूहीन पाण्यातही जगतो, नदीत सुटला तर तेथील मूळच्या माशांचा फडशा पाडतो. तरीही त्याची तळी चोरून चालतात. उजनीच्या परिसरात मत्स्यव्यवसाय खात्याला ती उद्ध्वस्त करण्याच्या मोहिमा काढाव्या लागल्या आहेत. या तळ्यांना लागणारे खाद्य म्हणजे कोंबडीच्या दुकानातली कच्ची, सडू घातलेली आतडी. त्यातून माशाचे मांस तयार होते आणि ते पुन्हा माणसाच्या ताटात येते. टाकाऊ मांसाचा पुनर्वापर ही भविष्यातली कल्पना आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावे. पुनर्वापर चालूच आहे. तो अंधारात चालू आहे इतकेच.

उजेडातला मार्ग जगात ठाऊक आहे आणि तत्त्वतः तो प्रत्येक मराठी गृहिणीलाही ठाऊक आहे. लोणी कढवले की पाणी उडून जाते, तूप वर राहते आणि बेरी तळाशी बसते. मांसाच्या अवशेषांचे तसेच करावयाचे. कारखान्यात ते बारीक चिरडून मोठ्या बंद भांड्यात वाफेच्या उष्णतेने कढवतात. कच्च्या मालात दोन-तृतीयांश पाणीच असते, ते वाफ होऊन जाते. मग दाबयंत्रातून चरबी वेगळी निघते आणि राहिलेला चोथा दळून भुकटी होते. शंभर किलो मालातून सुमारे पाव हिस्सा प्रथिनयुक्त भुकटी आणि दहाव्या हिश्शाच्या आसपास चरबी मिळते. जनावरांच्या अवशेषांसाठी युरोपने घालून दिलेली सर्वांत कडक अट अशी : तुकडे पन्नास मिलिमीटरहून मोठे नकोत, आणि ते १३३ अंश सेल्सियसला, तीन बार दाबाखाली, वीस मिनिटे शिजले पाहिजेत. पिसांचे प्रकरण थोडे हट्टी. पीस म्हणजे जवळजवळ शुद्ध प्रथिनच, पण आपल्या केसांचे आणि नखांचे जे प्रथिन तेच, त्यामुळे कच्चे कोणाच्याही पोटात पचत नाही. प्रेशर कुकरच्या तत्त्वावर, अधिक दाबाने शिजवले की ते मोडते आणि पिसाची भुकटी मासे व कोंबड्यांच्या खाद्यात अल्प प्रमाणात मिसळता येते. रक्त सुकवून त्याची भुकटी करतात. तिच्यात लायसिन हे धान्यात कमी पडणारे द्रव्य विपुल असते.

या भुकटीला बाजार आहे. कुत्र्या-मांजरांच्या तयार खाद्याचा धंदा १८६० च्या सुमारास लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसाने गव्हाचे पीठ, भाज्या आणि मांस यांची बिस्किटे विकून सुरू केला, असे सांगतात. आज पुण्यातील सदाशिव पेठेतल्या दुकानातही त्या खाद्याची रंगीत पाकिटे टांगलेली असतात, आणि त्यांचा किलोचा भाव अनेकदा कोंबडीच्या भावाहून अधिक असतो. कोंबडीच्या ज्या भागाला दुकानात किंमत नाही तोच भाग कढवून, दळून, वासाचा मसाला लावून पाकिटात आला म्हणजे तो अख्ख्या कोंबडीहून महाग होतो, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मूल्यवृद्धीचे उदाहरण म्हणून वहीत लिहून ठेवण्यासारखे आहे. मांजराच्या बाबतीत तर प्राणिज खाद्य ही चैन म्हणता येत नाही. टॉरिन हे द्रव्य मांजराच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही. ते आहारात कमी पडले तर डोळे आणि हृदय निकामी होते.

माणसाच्या अन्नातही हा माल आपल्याला वाटतो त्याहून अधिक शिरलेला आहे. हाडांपासून ओसीन आणि त्यापासून जिलेटिन होते. औषधाच्या कॅप्सूलचे मऊ, चकचकीत कवच बहुधा त्याचेच असते. केरळातील निट्टा जिलेटिन, वापीची इंडिया जिलेटिन या कंपन्या या हाडांवरच उभ्या आहेत. मानवी इन्शुलिन १९८० च्या दशकात प्रयोगशाळेत तयार होऊ लागेपर्यंत मधुमेही माणूस गायी-डुकरांच्या स्वादुपिंडावरच जगत होता. आणि ज्यांना हे सारे कारखान्यांचे शोध वाटतात त्यांनी शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे २०१५ सालचे पुस्तक चाळावे. मराठवाड्यातील दलित स्वयंपाकघरांत रक्ती, वजडी, वाळवलेल्या चान्या यांच्या रूपाने जनावराचा कोणताच भाग वाया जात नव्हता. तेथे त्याला पुनर्वापर असे भारदस्त नाव नव्हते. त्याचे नाव दारिद्र्य होते.

काय टाकाऊ आणि काय मौल्यवान हे वस्तूत नसते, भावात असते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उरुग्वेच्या कुरणांवर गुरे मारली जात ती मुख्यतः कातड्यासाठी. मांसाला गिऱ्हाईक नसल्याने ते मोठ्या प्रमाणावर वाया जाई. १८६० च्या दशकात फ्राय बेन्तोस येथे लीबिगच्या पद्धतीने मांसाचा अर्क काढण्याचा कारखाना निघाला आणि कालचा कचरा युरोपच्या मजुराचे सूप झाला. शिकागोच्या खाटिकखान्यांनी पुढे हे शास्त्र टोकाला नेले. खूर, शिंगे, आतडी, रक्त, सगळ्याचे पैसे झाले. पण त्याच शिकागोत कत्तलखान्यांच्या घाणीने भरलेल्या नदीच्या फाट्यात वायूचे बुडबुडे येत, म्हणून लोकांनी त्याचे नावच बुडबुड्यांचा ओढा असे ठेवले. आणि १९०६ साली अप्टन सिंक्लेअरच्या ‘द जंगल’ या कादंबरीने मजुरांची हालत मांडली तेव्हा अमेरिकन वाचक आपल्या पोटात काय जाते या विचाराने हादरला. मांस-तपासणीचा कायदा त्याच वर्षी झाला. मजुरांसाठी मात्र त्या तातडीने काही झाले नाही.

ब्रिटनचा धडा याहून कठोर आहे. तेथे गायींच्या खाद्यात गुरांच्याच मांस-हाडांची भुकटी मिसळत. १९८६ साली गायींच्या मेंदूचा तो प्रसिद्ध रोग ओळखला गेला. १९८८ साली रवंथ करणाऱ्या जनावरांना त्यांचेच अवशेष चारण्यास बंदी आली, पण तोवर उशीर झाला होता. एकूण एक लाख ऐंशी हजारांहून अधिक गुरांना रोग झाल्याची नोंद झाली आणि १९९६ साली माणसांतील एका प्राणघातक रोगाशी त्याचा संबंध सरकारला मान्य करावा लागला. कढवण्याच्या पद्धतीत काटकसर केल्यामुळे हे झाले असे बरेच दिवस बोलले जाई. २००० साली आलेल्या फिलिप्स चौकशी अहवालाने जुन्या पद्धतीनेही तो घटक नष्ट झाला नसता, असे म्हटले. म्हणजे केवळ भट्टीच्या तापमानावर भिस्त ठेवून चालत नाही; कोणाचे अवशेष कोणाला चारायचे याचा नियम पाळावाच लागतो. भारतातही दुभत्या व रवंथ करणाऱ्या जनावरांना अशी भुकटी चारण्यास मनाई आहे. कुक्कुट, मत्स्य आणि पाळीव कुत्र्या-मांजरांचे खाद्य हेच तिचे रास्त ठिकाण. रोगाने मेलेल्या कोंबड्या तर या साखळीत मुळीच येता कामा नयेत. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला २००६ साली देशातील बर्ड फ्लूची पहिली साथ आली तेव्हाची पुरलेल्या कोंबड्यांची चित्रे अद्याप कोणी विसरलेले नाही.

येथवर प्रश्न तंत्राचा होता आणि तो सुटण्याजोगा आहे. शिरूर-दौंड पट्ट्यात अशा उद्योगाला लागणारे सारे काही आहे. सणसवाडी, रांजणगाव, कुरकुंभ येथे कारखानदारी रुजली आहे. हवेलीतील उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली स्थापिलेली ‘बाएफ’ ही संस्था आहे. आधुनिक कुक्कुटपालनाचा पाया घालणारे डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली सुरू केलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचे मुख्यालय पुण्यातच आहे. पशुखाद्याचे गिऱ्हाईक दारात आणि कच्चा माल तासाभराच्या अंतरावर. एखाद्या ग्रामपंचायतीसमोर उद्या असा प्रस्ताव आला तर त्यात गुंतवणूक, निर्यात आणि रोजगार यांचे आकडे असतील, आणि ते बहुधा खरेही असतील.

पण कोरेगावच्या मातीत या आकड्यांना एक जुना संदर्भ आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा जयस्तंभ येथे उभा आहे; २०१८ च्या हिंसाचारानंतर देशाने या गावाचे नाव दुसऱ्याच कारणाने ऐकले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या स्तंभापाशी आले ते १ जानेवारी १९२७ रोजी. त्यानंतर अडीच महिन्यांनी, १९ आणि २० मार्चला महाडच्या परिषदेत त्यांनी आपल्या समाजाला मेलेली गुरे ओढणे आणि पड खाणे सोडून देण्यास सांगितले. चवदार तळ्याच्या पाण्याची आठवण सर्वांना आहे. ढोरे ओढण्याचे काम नाकारण्याची हाक ही त्या परिषदेची दुसरी बाजू होती आणि गावगाड्याच्या दृष्टीने ती पाण्याइतकीच स्फोटक होती. गावात जनावर मेले की ते ओढून नेण्याचे काम महारांकडे असे. त्या मोबदल्यात पड त्यांचे, आणि अपमानही त्यांचाच.

यावर झालेला एक युक्तिवाद डॉ. आंबेडकरांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात सांगितला आहे. महारांनी हे काम सोडू नये म्हणून ‘केसरी’तून त्यांच्यापुढे हिशेब मांडला गेला होता. मेलेल्या जनावरांचे कातडे, शिंगे, हाडे, खूर, मांस यांतून वर्षाला पाचशे रुपये सुटतात. एवढा लाभ हे लोक का लाथाडतात? संगमनेरच्या एका गृहस्थांनीही त्यांना हेच ऐकवले. डॉ. आंबेडकरांचे उत्तर सर्वश्रुत आहे : आमच्या नुकसानीचे आम्ही पाहून घेऊ, हा लाभ तुम्हीच घ्या, वर आणखी पाचशे रुपये मी देतो.

या उत्तरातील उपरोधाला दाद दिली जाते. ते देणारा माणूस ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ लिहिणारा अर्थशास्त्रज्ञ होता, हे मात्र विसरले जाते. कामाची खरी किंमत ठरविण्याचा बाजारातील सर्वांत साधा उपाय त्यांनी केला. त्यांनी निविदा काढली. मालाची किंमत पाचशे रुपये असेल आणि वर पाचशेचे अनुदान देऊनही कोणी काम घ्यायला तयार नसेल, तर त्या कामात हजार रुपयांहून मोठा खर्च दडलेला आहे. तो खर्च हिशेबाच्या वहीत कोठेच नव्हता, कारण तो ज्यांच्या अंगावर पडत होता त्यांना वही लिहिण्याचा अधिकार नव्हता. ते आमंत्रण स्वीकारून हिशेब मांडणाऱ्यांपैकी कोणी पुढे आल्याचे ऐकिवात नाही. अपवाद होते ते वेगळ्या वाटेचे. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालविले. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मेलेल्या जनावरांचे काम स्वतः हाती घेतले. त्यांच्याबद्दल आदर बाळगूनही म्हणावे लागते की मूठभर त्यागी माणसांच्या बळावर उद्योगाची मजुरी ठरत नसते.

हा इतिहास संपला असे मानण्याची सोय नाही. जुलै २०१६ मध्ये गुजरातेतील उना तालुक्यात मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना बांधून मारहाण झाली, आणि त्यानंतर सुरेंद्रनगरला लोकांनी मेलेली जनावरे जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीपाशी आणून टाकली. एका अर्थाने तीही निविदाच होती.

तेव्हा टाकाऊ मांसाचा कारखाना नको, असा याचा अर्थ कोणी काढू नये. ओढ्यातली गोणी आणि मांगूरचे तळे यांपेक्षा बंद भांड्यातली वाफ केव्हाही बरी. मुद्दा इतकाच की या कारखान्याच्या नफ्याचा हिशेब मांडताना पाचशे रुपयांच्या त्या जुन्या वहीतली चूक पुन्हा होऊ नये. असा माल उन्हाळ्यात चार-सहा तासांत सडू लागतो. सडलेला माल कढवला की त्याचा दर्प मैलभर जातो. तो टाळायचा तर दुकानात थंड पेटी, बंद आणि रोज धुतली जाणारी गाडी, कारखान्यात वाफ थंड करण्याची आणि हवा गाळण्याची यंत्रणा हवी. याला पैसा लागतो, आणि तो वाचविण्याचा मोह मोठा असतो. कारण वाचविलेला प्रत्येक रुपया मालकाच्या खात्यात जातो आणि त्याचा वास गावाच्या. पिगूने १९२० साली अशा खर्चाला कराने आवर घालण्याची कल्पना मांडली. फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या ग्रामस्थांनी पुण्याच्या कचरा डेपोविरुद्ध वर्षानुवर्षे आंदोलने करून तेच तत्त्व आपल्या भाषेत सांगितले.

दुसरी अडचण अधिक बारीक आहे. कचऱ्याला भाव आला की तो कचरा राहत नाही. त्यासाठी बोली लागते. या भुकटीचा भाव सोयाबीनच्या पेंडीशी बांधलेला आहे, कारण खाद्य बनविणारा एकीऐवजी दुसरी वापरतो. २०२१ साली पेंड इतकी महागली की सरकारने बारा लाख टन आयातीला परवानगी दिली, आणि लातूर-विदर्भाचा सोयाबीन उत्पादक संतापला. पेंड महाग असेल तेव्हा कारखाना दुकानदाराला पैसे देऊन आतडी नेईल. पेंड उतरली की तोच माल फुकटही नको म्हणेल, आणि गोण्या पुन्हा ओढ्यावर येतील. शिवाय त्याचा प्रतिस्पर्धी मांगूरचा तळेवाला. त्याला ना वाफ लागते, ना गाळणी, ना परवाना. त्यामुळे तो नेहमीच चढी बोली देऊ शकतो. बेकायदा तळी चालू ठेवून कायदेशीर कारखाना उभा राहील ही अपेक्षा भाबडी आहे. केरळात यावर जी व्यवस्था बसविण्यात आली ती अभ्यासण्याजोगी आहे. तेथे दुकानाचा कचरा परवानाधारक कारखान्याकडेच जावा असा स्थानिक संस्थांचा आग्रह असतो आणि दुकानदार त्यासाठी किलोमागे शुल्क भरतो. घाण करणाऱ्याने तिच्या विल्हेवाटीचा खर्च द्यावा, म्हणजे अखेरीस शहरातल्या गिऱ्हाइकाने कोंबडीच्या किलोमागे दोन-चार रुपये अधिक मोजावे, हे तत्त्व पुणे आणि पिंपरी-चिंचवड महानगरपालिकांनी स्वीकारल्याखेरीज भीमाकाठच्या गावांना त्यातून सुटका नाही.

आणि मजुरीचे काय? रक्ताच्या टाक्या धुणारा, आतड्यांचे ढीग पट्ट्यावर लोटणारा माणूस कोण असेल? आजच्या रिवाजाने तो ठेकेदाराचा माणूस असेल, बहुधा परप्रांतीय किंवा पूर्वी ढोरे ओढणाऱ्यांचाच नातू, आणि त्याच्या हातात रबरी मोजेही क्वचितच असतील. ग्रामसभेपुढे ना-हरकत दाखल्याचा विषय येईल तेव्हा मग काही साधे प्रश्न कागदावर घ्यावेत. या कामावर कायम नोकर किती आणि ठेक्यावर किती? त्यांचा पगार शेजारच्या मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यातल्या कामगाराइतका आहे काय? स्नानगृह, कपडे, वैद्यकीय तपासणी यांचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात कोणत्या ओळीवर दाखविला आहे? आणि पगाराचा तो आकडा वाचून गावातल्या कोणत्या आळीतून किती अर्ज येतात, तेही पाहावे.